फुगलेली बॅटरी : नवी टाकली तरी पुन्हा का फुगते?

‘बॅटरी फुगली’ असं सांगत माझ्या काउंटरवर क्वचितच कुणी येतं. तक्रार वेगळीच असते. ‘भाऊ, मागचं झाकण बसूनच नाही राहिलं.’ ‘माझ्यावाल्या फोनच्या कडेतून उजेड दिसून राहिला.’ ‘चाळीस टक्के दाखवते अन् फोटो काढला की बंद.’ गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू आल्या. फोनची स्क्रीन एका बाजूनं उचलली होती, म्हणून त्यांनी कडेला फेविक्विक लावलं, वर वरवंटा ठेवला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी स्क्रीन दुसऱ्या बाजूनं उचललेली. काकू स्क्रीन बदलायला आल्या होत्या. मी फोन आडवा धरून पाहिला आणि काही न बोलता बाहेर ओट्यावरच्या वाळूच्या डब्यात नेऊन ठेवला. त्यांना वाटलं, मी फोन फेकूनच दिला.

नागपुरातल्याच बर्डी भागातल्या एका गल्लीत मी २००७ पासून मोबाइल दुरुस्तीचं काम करतोय. फुगलेली बॅटरी बदलणं सोपं असतं. तीच व्यक्ती चार महिन्यांनी पुन्हा फुगलेली बॅटरी घेऊन येते तेव्हा खरं काम सुरू होतं. हे लिहिणं मुख्यतः त्या दुसऱ्यांदा येणाऱ्यांसाठी आहे.

लक्षणं

मागचं झाकण मधोमध उचललेलं, टेबलावर ठेवलेला फोन टाइप करताना डुगडुगतो, स्क्रीन आणि फ्रेम यांच्यात नख जाईल एवढी फट. स्क्रीनवर मधेच पिवळट किंवा पांढरा डाग, जो बोटानं दाबलं की पसरतो. पॉवर किंवा आवाजाचं बटण अडकतं, कारण आतून फ्रेमच वाकलेली असते. टच आपोआप चालतो. एरवी सहज बसणारं रबरी कव्हर एकाएकी घट्ट होतं. हे शेवटचं लक्षण सगळ्यात आधी दिसतं आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

टक्केवारी धडाधड उतरणं किंवा फोन एकदम बंद पडणं, एवढ्यावरून बॅटरी फुगली असं म्हणता येत नाही. ती नुसती थकलेलीही असू शकते. पण जुना फोन असेल आणि ही दोन लक्षणं दिसत असतील, तर खालची पहिली तपासणी करून पाहायला एक मिनिटही लागत नाही.

तपासणीआधी

चार्जिंगला लावलेला असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा. फोन बंद करा. गादीवर, सोफ्यावर, कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवू नका. फरशीवर किंवा स्टीलच्या रिकाम्या परातीत ठेवा. ‘फोटो काढून घेतो, तेवढं शंभर टक्के करू द्या’ हा मोह टाळा. बॅटरीत चार्ज जेवढा जास्त, तेवढी पेटली तर आग मोठी. आत तीस टक्के शिल्लक असेल आणि फोन गार असेल, तर तेवढ्यात फोटो आणि नंबर उतरवून घ्या. पण फोन पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही.

टाचणी मारून हवा काढायची नाही. असले व्हिडिओ फिरत असतात आणि मीही शिकाऊ असताना एकदा ते केलंय. सुई आत गेल्यावर दोन सेकंद काहीच झालं नाही. मग शिट्टीसारखा आवाज आला आणि लाकडी टेबलावर तळहाताएवढा काळा डाग पडला. तो डाग अजून आहे. नवीन पोरगा कामाला आला की त्याला पहिल्या दिवशी तोच दाखवतो.

फ्रिजमध्ये, तांदळाच्या डब्यात ठेवूनही बॅटरी बसत नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा चपटी होत नाही. हा बिघाड उलटा फिरत नाही.

फुगते कशानं

बॅटरीच्या आत तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर रसायनाचा लेप आणि मधे प्लास्टिकचा अगदी तलम पडदा असतो. हे सगळं सुरळीच्या वडीसारखं गुंडाळून किंवा थरावर थर लावून पाकिटात बंद केलेलं असतं, आणि थरांमध्ये एक द्रव भिनलेला असतो. वयानं, उष्णतेनं किंवा जास्त व्होल्टेजनं हा द्रव हळूहळू तुटतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू निघतात. पाकीट हवाबंद, बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते पुरीसारखं टम्म होतं. थरांना ताण बसतो आणि मधला पडदा कुठं फाटला, तर आतल्या आत शॉर्ट होतो. काकूंच्या वरवंट्याची मला धडकी भरली ती याच कारणानं.

थोडक्यात कारणं चार : वय, उष्णता, जास्त चार्ज, आणि मार किंवा मुळातच खराब माल. आपल्या नागपुरात पहिल्या तिघांची मे महिन्यात एकदम गाठ पडते.

तपासणी १ : काच आणि बोट

पैसे लागत नाहीत. फोनचं कव्हर काढा आणि फोन खिडकीच्या काचेवर किंवा सपाट फरशीवर पालथा-उताणा दोन्ही बाजूंनी ठेवून पाहा. कॅमेऱ्याचा उंचवटा फसवतो, म्हणून स्क्रीनच्या बाजूनंही पाहायचं. मागून टॉर्च मारला आणि कडेतून उजेड आला, तर फट आहे.

बॅटरी निघणारी असेल तर याहून सोपं. बॅटरी काढून काचेवर ठेवा आणि कोपऱ्याला हलकं बोट मारा. चांगली बॅटरी जागची सरकते आणि थांबते. फुगलेली बॅटरी पोटावर भिंगरीसारखी फिरते. आमच्या काउंटरची काच याच कामासाठी आहे असं पोरं म्हणतात. अर्धी गिरकी घेतली तरी ती बॅटरी बाद. पुन्हा फोनमध्ये घालायची नाही, ‘आजचा दिवस’ सुद्धा नाही.

तपासणी २ : वास आणि ऊब

फोन बंद करून अर्धा तास झाला तरी तो कोमट लागतोय? नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, झोंबणारा वास येतोय? तपासणी इथेच संपली. पुढचं काही करू नका, थेट ‘कुठं थांबायचं’ वाचा. तो वास पाकीट कुठंतरी उसवल्याचा असतो. आतल्या द्रवात विरघळलेल्या लिथियमच्या क्षाराचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड नावाचा विषारी वायूही तयार होतो. मुद्दाम नाक लावून हुंगायचं नाही.

तपासणी ३ : फोन दिवसभर कुठं राहतो

ही तपासणी फुकट आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात. मीही गाळली होती.

माझ्या दुकानापासून जवळच एक पानठेला आहे. ठेलेवाल्या दादाकडे जुना, बॅटरी निघणारा स्मार्टफोन आहे, पैसे आल्याचा मेसेज पाहण्यापुरता. कंपनीची बॅटरी फुगली, मी एक स्वस्तातली टाकून दिली. तीन महिन्यांत ती फुगली. मला वाटलं, माल खराब होता. चांगली बॅटरी टाकली आणि चार्जरही बदलला. पुढच्या उन्हाळ्यात तीही फुगली. ‘भाऊ, तुमच्यावाल्या बॅटऱ्याच फुसक्या हायेत,’ असं त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. मी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खात नाही, त्यामुळे ठेल्यावर उभं राहायचा प्रसंग कधी आला नव्हता. त्या दिवशी राग गिळून चहा घ्यायच्या निमित्तानं गेलो. फोन होता वरच्या फळीवर, टिनाच्या छताखाली वीतभर अंतरावर, शेजारी पिवळा बल्ब, आणि सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चार्जरला टांगलेला. दुपारी दोन वाजता मी त्या फळीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

ॲपलनं आपल्या फोनच्या वापरासाठी हवेचं तापमान ० ते ३५ अंश आणि बंद फोन ठेवण्यासाठी जास्तीत जास्त ४५ अंश सांगितलंय. बाकीचेही साधारण त्याच आसपास आहेत. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५च्या पुढं जातो. उन्हात उभ्या बंद कारचा डॅशबोर्ड ६० अंश सहज ओलांडतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, वर्धा रोडवर स्कूटरच्या हँडलला मोबाइल लावून चार्ज करत फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोरांच्या फोनची अवस्था काय होत असेल, याचा अंदाज करा. ती पोरं माझी नेहमीची गिऱ्हाइकं आहेत.

उष्णता एकटी कमी नुकसान करते. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आल्या की खरं नुकसान होतं. शंभर टक्के म्हणजे बॅटरी आपल्या सर्वांत जास्त व्होल्टेजला, प्रकारानुसार साधारण ४.२ ते ४.५ व्होल्टला, ताणलेली असते. ती तशीच ताणून तव्यावर ठेवली की आतला द्रव झपाट्यानं तुटतो.

म्हणून स्वतःला विचारा : फोन रात्री उशीखाली चार्ज होतो का? खिडकीत, कूलरच्या टपावर? दुचाकीच्या डिकीत? गाडीच्या काचेला चिकटवलेला? दुकानात सीसीटीव्ही पाहायला किंवा पेमेंटसाठी कायम वायरला जोडलेला? यातलं एक जरी ‘हो’ असेल, तर आधी जागा बदला, मग बॅटरी. उलट केलंत तर बॅटरीचे पैसे वाया.

कूलरबद्दल आणखी एक. कूलरसमोर फोन ठेवला की गार राहतो, हे खरं. पण त्या दमट हवेनं चार्जिंग जॅकच्या पिना हिरव्या पडतात. ते पुढं येतंच.

तपासणी ४ : चार्जर, वायर, जॅक

फोन चांगला असताना, म्हणजे नवी बॅटरी टाकल्यावरच, हे तपासायचं. फुगलेल्या बॅटरीवर चार्जर ‘ट्राय’ करायचा नाही.

पंधरा मिनिटं चार्जिंगला लावा आणि हात फिरवून पाहा, ऊब नेमकी कुठं आहे. बहुतेक फोनांत खालच्या टोकाला गरम म्हणजे जॅक किंवा वायर, मधोमध गरम म्हणजे बॅटरी, वरच्या बाजूला गरम म्हणजे बोर्ड. खालचं टोक तापत असेल तर जॅकमध्ये टॉर्च मारून पाहा. खिशातली रुई, धूळ, हिरवट थर दिसेल. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं रुई काढा. सुई, सेफ्टी पिन नको. हिरवा थर मात्र घरी खरवडू नका. जॅक बदलणं स्वस्त काम आहे.

चार्जरचं म्हणाल तर, ‘लोकल चार्जरनं बॅटरी फुगली’ हे वाक्य अर्धंच खरं असतं. बॅटरीत किती व्होल्टेज जायचं हे चार्जर ठरवत नाही, फोनच्या बोर्डावरची चार्जिंग आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, ठरवते. पण चार्जरमधून स्थिर ५ व्होल्टऐवजी उड्या मारणारं व्होल्टेज आलं, की आयसी जास्त तापते आणि कधी तरी दगा देते. म्हणजे चार्जर आज आयसी बिघडवतो आणि उद्या आयसी बॅटरी फुगवते. फुटपाथवरचा हलका, टकटक वाजवला तर पोकळ लागणारा चार्जर टाकून द्या. वजनावरून ओळखायची माझी सवय काही शास्त्र नाही, पण क्वचितच चुकते.

तपासणी ५ : बॅटरीचा कागद वाचा

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं बीएल-५सी या बॅटरीबद्दल जगभर सूचना काढली होती. मात्सुशिता कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, बदलून घ्या, अशी. मी तेव्हा नुकताच कामाला लागलो होतो. दिवसभर लोक बॅटरी काढून पाठीमागचे बारीक आकडे आम्हाला वाचायला लावायचे. तेव्हापासून बॅटरीची पाठ वाचायची सवय लागली ती लागलीच.

नवी बॅटरी घेताना तुम्हीही वाचा. मॉडेल नंबर जुन्या बॅटरीशी तंतोतंत जुळतो का? ‘चार्ज व्होल्टेज’ तेच आहे का? जुनीवर ४.४ आणि नवीवर ४.२ असेल, तर फोन नव्या बॅटरीला तिच्या कुवतीपेक्षा जास्त भरणार, आणि ती फुगणारच. आकार तोच पण एमएएच, म्हणजे बॅटरीची साठवण, दीडपट लिहिले असतील, तर तो आकडा खोटा समजा. बनवल्याची तारीख पाहा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते. आणि बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण : आयएस १६०४६ आणि खाली ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप मोबाइलवर घ्या, त्यात हा क्रमांक टाकला की तो कुणाच्या नावावर, कुठल्या वस्तूसाठी आहे हे दिसतं. मी एकदा एका बॅटरीवरचा क्रमांक टाकला, तर तो भलत्याच वस्तूचा निघाला. तो सगळा डबा दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला परत केला.

फोन जुना आणि बॅटरी कंपनीचीच, तीन-चार वर्षांची असेल, तर कारण शोधत बसू नका. तिचं वय झालंय.

तपासणी ६ : सेटिंग

नव्या फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ‘बॅटरी प्रोटेक्शन’ किंवा तत्सम नावानं. ती चालू करा, विशेषतः एप्रिल ते जून. जुन्या फोनात नसेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा टायमरचा सॉकेट लावा. फोन कपाटात ठेवून द्यायचा असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा. पूर्ण भरलेला ठेवायचा नाही, आणि पूर्ण रिकामाही नाही.

तपासणी ७ : मीटर

मल्टिमीटर वापरता येत असेल आणि बॅटरी निघणारी असेल तरच. फुगलेलीवर नाही, तिच्या जागी घातलेल्या नवीवर.

नवी बॅटरी फोनमध्ये शंभर टक्के होऊ द्या, लगेच काढा आणि प्लस-मायनसवर व्होल्टेज मोजा. पाठीवर लिहिलेल्या चार्ज व्होल्टेजइतकं किंवा किंचित कमी दिसायला हवं. ४.२ची बॅटरी ४.३ दाखवत असेल, तर फोन तिला जास्त भरतोय. आता कितीही चांगली बॅटरी टाका, ती फुगणार. दोष बोर्डावर आहे आणि तुमचं काम इथं संपलं.

उलट, खणात वर्षानुवर्षं पडलेली बॅटरी २.५ व्होल्टच्या खाली गेली असेल तर तिला ‘झटका’ देऊन उठवायला सांगू नका. काही दुकानांत देतात. अशी खोल उतरत गेलेल्या बॅटरीत आतलं तांबं विरघळू शकतं आणि पुन्हा चार्ज करताना तेच नको तिथं जमून शॉर्ट करू शकतं.

निघणाऱ्या बॅटरीला प्लस-मायनसखेरीज तिसरं टोक असतं, त्याचीही गंमत आहे. बऱ्याच बॅटऱ्यांत ते टोक आतलं तापमान फोनला कळवतं, म्हणजे जास्त तापलं तर फोन चार्जिंग थांबवतो. काही स्वस्त बॅटऱ्यांत खऱ्या सेन्सरऐवजी साधा रेझिस्टर लावलेला असतो. फोनला कायम वाटतं, सगळं गार आहे. मायनस आणि तिसऱ्या टोकामधला रेझिस्टन्स मोजा, बॅटरी दोन मिनिटं मुठीत धरा, पुन्हा मोजा. आकडा हलायला हवा. बीएल-५सीसारख्या साध्या फोनांच्या बॅटऱ्यांत मात्र ते टोक नुसतं ओळखीसाठी असतं, तिथं आकडा न हलणं हा दोष धरू नका.

कुठं थांबायचं

बॅटरी आत चिकटवलेली असेल, म्हणजे गेल्या दहाएक वर्षांतले बहुतेक फोन, तर दुसऱ्या तपासणीनंतर घरी काही उघडायचं नाही. गोंदानं चिकटलेली फुगीर बॅटरी स्क्रूड्रायव्हरनं उचकटणं म्हणजे त्या तलम पडद्याला भोक पाडायला जाणं. वास, ऊब, चिरलेलं पाकीट, ओलसरपणा, वाकलेली फ्रेम, पाण्यात पडून गेलेला फोन : यातलं काहीही असेल तर लगेच जाणकाराकडे जा. फोन वॉरंटीत असेल किंवा महागाचा असेल, तर माझ्यासारख्याकडेही नको, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा. फुगलेली बॅटरी असलेला फोन पुण्या-मुंबईला कुरिअरनं पाठवू नका. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानानं पाठवायला बंदी आहे, आणि कुरिअरचं पाकीट कशातून जाणार हे तुम्हाला कुणी विचारत नाही.

धूर निघायला लागला तर हातात धरू नका, फुंकर मारू नका. चार्जिंगला असेल तर आधी मेन स्विच बंद. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, धुरात उभे राहू नका. फोन एकटाच पेटला असेल आणि जवळ जाता येत असेल, तर वाळू टाका किंवा लांबून भरपूर पाणी ओता. लिथियमवर पाणी टाकलं की भडकतं, हे लोकांनी शाळेत ऐकलेलं असतं. ते शुद्ध धातूचं. मोबाइलच्या बॅटरीत लिथियम त्या रूपात भरलेला नसतो, आणि पाण्यानं ती गार होते. विझल्यावरही ती पुन्हा पेटू शकते, म्हणून काही तास बाहेरच राहू द्या. आग फोनपुरती राहिली नाही, तर १०१ किंवा ११२.

दुकानात गेल्यावर

दारातच सांगा, ‘बॅटरी फुगली आहे.’ खिशातून काढून काउंटरवर आपटू नका. मेकॅनिक कसं काम करतो, हे दोन मिनिटं पाहा. फुगलेल्या बॅटरीवर गरम हवेचा ब्लोअर मारून गोंद सैल करणारा दिसला, तर फोन मागून घ्या आणि निघा. शहाणा माणूस फोन बंद करून आधी बॅटरीला बोर्डाशी जोडणारी पट्टी सोडवतो, कडेनं आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) थेंब सोडून गोंद भिजवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू उचलतो. वेळ लागतो. त्या वेळाचेच पैसे असतात.

दुसऱ्यांदा फुगली असेल तर तसं आवर्जून सांगा आणि चार्जिंग आयसी तपासायला लावा. ‘नवी टाकून देतो, होऊन जाईन’ या उत्तरावर समाधान मानू नका. डीसी मशीनवर, म्हणजे ठरावीक व्होल्टेज देऊन करंट दाखवणाऱ्या यंत्रावर, फोन किती करंट ओढतो आणि पूर्ण चार्जला बॅटरीवर किती व्होल्ट येतात, हे पाहायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. स्क्रीन उचललेली असेल, तर ती बसते की नवी लागते हे बॅटरी काढल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. काकूंची बसली. कडेचं फेविक्विक काढायलाच जास्त वेळ गेला.

फोनचं वयही पाहा. सिक्युरिटी अपडेट बंद होऊन वर्षं लोटलेल्या फोनात तिसरी बॅटरी आणि आयसीचं काम, एवढा खर्च मी स्वतः करणार नाही. फोटो काढून घ्या आणि फोनला निरोप द्या. हे सांगितल्यानं माझं गिऱ्हाईक जातं, पण ते सहा महिन्यांनी भांडायला येण्यापेक्षा बरं.

काढलेल्या बॅटरीचं काय करायचं

कचरागाडीत नाही. बॅटरीवर फुली मारलेल्या कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं, ते यासाठीच. गाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबलेली बॅटरी काय करते हे वर आलंच. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात तसेही उन्हाळ्यात कचरा पेटतो, त्यात आपली भर नको. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरला विचारा, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतला अधिकृत ई-कचरावाला शोधा. तोवर बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा. झाकण घट्ट लावायचं नाही. भंगारवाल्याला देऊ नका. तो हातोडीनं फोडून पाहील.

पानठेल्याच्या दादाला मी चौथी बॅटरी मालाच्या भावात दिली, पण एका अटीवर. फोन वरच्या फळीवरून खालच्या लाकडी खणात आला, खणाच्या पाठीला हवेसाठी चार भोकं पाडली, आणि टायमर लावून चार्जिंग सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. दुपारी बंद. तो कुरकुरला, ‘पेमेंटच्या टायमाले बंद पडला तर?’ पडला नाही. यंदा नवतपा संपल्यावर मी स्वतःच ठेल्यावर गेलो, बॅटरी काढून त्याच्या पानाच्या काचेवर ठेवली आणि कोपऱ्याला बोट मारलं. बोटभर सरकली आणि थांबली.